अकृताभ्यागम

कर्मसिद्धांताचे समर्थन करताना आपल्या दर्शनकारांनी प्रतिपक्षावर जे दोन दोष वारंवार लादले आहेत, त्यांची नावे कृतप्रणाश आणि अकृताभ्यागम अशी आहेत. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता मध्येच नाहीसे होणे हा पहिला दोष. आणि जे आपण केलेच नाही, त्याचे फळ आपल्या पदरी येऊन पडणे हा दुसरा. देहाबरोबर सर्व काही संपते असे मानले, तर मरणसमयी भोगावयाची राहिलेली कर्मे वाया गेली असे म्हणावे लागते, आणि जन्मतःच रोगग्रस्त असलेल्या बालकाला त्याने न केलेल्या अपराधाची शिक्षा झाली असेही म्हणावे लागते. ही दोन्ही अनुमाने न्यायबुद्धीला इतकी असह्य वाटली की, ती टाळण्यासाठी पूर्वजन्म, अदृष्ट, संचित आणि प्रारब्ध अशी प्रचंड व्यवस्था उभारताना आपल्या पूर्वजांनी मुळीच काटकसर केली नाही. मात्र या व्यवस्थेचा सारा भार एकाच गृहीतकावर आहे: जो कर्ता तोच भोक्ता. जन्म बदलेल, योनी बदलेल, परंतु फळ शोधीत शोधीत येईल ते त्याच्याच दारी. सूक्ष्मजीवशास्त्राने गेल्या साठ-सत्तर वर्षांत ज्या एका क्षुद्र वस्तूचा वृत्तांत आपल्यापुढे ठेवला आहे, तो वाचल्यावर हे गृहीतक जसेच्या तसे पत्करणे मला तरी कठीण वाटू लागले आहे, आणि त्याचीच चर्चा येथे करावयाची आहे.

ती वस्तू म्हणजे प्लास्मिड. जीवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राहून निराळे राहणारे, आपली प्रत आपणच काढणारे, बहुधा वर्तुळाकार असे हे डीएनएचे लहानसे कडे असते. त्याला हे नाव १९५२ साली जोशुआ लेडरबर्ग यांनी दिले. याच लेडरबर्ग यांनी टेटम यांच्याबरोबर १९४६ साली असे दाखवून दिले होते की, केवळ दुभंगून वाढणारे म्हणून समजले जाणारे जीवाणूही प्रसंगी एकमेकांशी संलग्न होतात आणि आनुवंशिक द्रव्याची देवघेव करतात. त्या वेळी हा शोध विद्वानांच्या कुतूहलाचा विषय होता. त्याचे गांभीर्य जगाला कळले ते जपानमध्ये. महायुद्धानंतरच्या त्या देशात शिगेला जीवाणूंमुळे होणाऱ्या आमांशाने थैमान घातले होते. त्यावर प्रथम सल्फा औषधे, मग स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरँफेनिकॉल व टेट्रासायक्लिन अशी एकामागून एक शस्त्रे उपसण्यात आली. आणि १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास या चारही औषधांना एकदमच दाद न देणारे जीवाणू रुग्णांच्या विष्ठेत आढळू लागले. एकेका औषधाविरुद्धचा प्रतिरोध उत्परिवर्तनाने उद्भवणे हीच मुळात दुर्मिळ घटना. चारही प्रतिरोध एकाच पेशीत योगायोगाने एकत्र यावेत, ही गोष्ट गणिताला पटण्यासारखी नव्हती. त्यातून एकाच रोग्याच्या आतड्यात निरुपद्रवी ई. कोलाय आणि रोगकारक शिगेला हे दोघेही नेमका तोच चौपदरी प्रतिरोध धारण करून बसलेले दिसले. अकिबा आणि ओचिआई या संशोधकांनी १९५९ साली हा प्रतिरोध एका जातीच्या जीवाणूंकडून दुसऱ्या जातीकडे केवळ सान्निध्याने जातो हे सिद्ध केले, आणि १९६३ साली वाटानाबे यांनी इंग्रजीत लिहिलेल्या एका विस्तृत परामर्शाने ही हकीकत पश्चिमेकडे पोचली. त्या लेखाच्या मथळ्यातच त्यांनी 'संसर्गाने येणारी आनुवंशिकता' अशा अर्थाचा शब्दप्रयोग योजिला होता.

तोवर आनुवंशिकता आणि संसर्ग ही निसर्गाच्या दफ्तरातील दोन अगदी वेगळी खाती समजली जात. बापाकडून मुलाकडे येते ती आनुवंशिकता, शेजाऱ्याकडून येतो तो संसर्ग. आपल्या धर्मशास्त्रानेही पापाच्या फळाचा प्रवास बहुतांशी उभ्या रेषेतच कल्पिला होता. अधर्माचे फळ कर्त्याला न भोवले तर पुत्राला, पुत्राला न भोवले तर नातवाला भोवते, अशी मनुस्मृतीची भाषा आहे. म्हणजे पाप हेही एक वतनच, वारसाहक्काने चालत येणारे. हे विधान कर्ता आणि भोक्ता यांच्या ऐक्याशी विसंगत आहे हे उघड असूनही त्यामुळे फारसे कोणाचे अडले नाही, कारण वंश ही एकच व्यक्ती लांबवर पसरलेली असावी अशी आपली जुनी भावना आहे. प्लास्मिड मात्र वंशाची चौकट जुमानीत नाही. ते आडव्या वाटेने जाते, ई. कोलायकडून साल्मोनेलाकडे, साल्मोनेलाकडून क्लेब्सिएलाकडे, आणि त्यांना पोटात बाळगणाऱ्या प्राण्यांच्या योगाने कोंबडीकडून डुकराकडे आणि डुकराकडून माणसाकडे.

हा प्रवास पडताळून पाहण्यासाठी अमेरिकेतील स्टुअर्ट लेव्ही यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये बॉस्टनजवळच्या एका शेतावर जो प्रयोग केला, तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. तत्त्वचिंतकाने तो वैद्याइतक्याच बारकाईने वाचावा अशा योग्यतेचा आहे. एका शेतकरी कुटुंबाने कोंबड्या पाळल्या. त्यांपैकी निम्म्यांच्या खाद्यात अल्प प्रमाणात टेट्रासायक्लिन मिसळण्यात आले आणि निम्म्यांना साधे खाद्य देण्यात आले. कोंबड्यांच्या आतड्यातील जीवाणू अत्यल्प काळात टेट्रासायक्लिनला प्रतिरोधक झाले, यात नवल नव्हते. नवल पुढे होते. काही आठवड्यांत त्या जीवाणूंमध्ये अशा औषधांविरुद्धचाही प्रतिरोध दिसू लागला की, जी त्या कोंबड्यांच्या चोचीला कधी लागलीच नव्हती. कारण टेट्रासायक्लिनचे जनुक ज्या प्लास्मिडावर होते, त्याच प्लास्मिडावर इतर औषधांची जनुकेही बसलेली होती आणि एकाला दिलेला आश्रय सर्वांनाच मिळाला. काही महिन्यांनी तोच प्रतिरोध त्या कुटुंबातील माणसांच्या विष्ठेतील जीवाणूंत आला. त्या माणसांनी ते औषध घेतले नव्हते. शेजारपाजारच्या ज्या कुटुंबांशी त्यांची तुलना करण्यात आली, त्यांच्यात तसे काही आढळले नाही. ज्यांनी घेतले नाही त्यांच्या ठायी घेतल्याचा परिणाम प्रकट व्हावा, हा अकृताभ्यागमच नव्हे तर दुसरे काय? आणि हे फळ पूर्वजन्मीच्या संचितातून आले, असे उत्तर देण्याची सोयही येथे उरत नाही, कारण ते कोणत्या पिंजऱ्यातून, कोणत्या खाद्यातून आणि कोणत्या महिन्यात आले, हे सारे टिपणवहीत नोंदलेले आहे.

कोंबडीच्या खाद्यात औषध घालण्याची ही चाल पडली कशी, हेही सांगितले पाहिजे. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ज्यूक्स आणि स्टोक्स्टॅड हे दोघे बी-१२ या जीवनसत्त्वाच्या शोधात पिलांना निरनिराळे पदार्थ चारून पाहत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरलेला चोथा खाणारी पिले इतरांपेक्षा वजनाने चांगलीच भरली, आणि त्याचे श्रेय जीवनसत्त्वाला नसून चोथ्यात राहिलेल्या औषधाला आहे असे त्यांच्या ध्यानी आले. तेथून पुढे रोगनिवारणासाठी नव्हे, तर मांस लवकर चढावे म्हणून औषध देण्याचा शिरस्ता जगभर पडला.

आता प्लास्मिड या निरनिराळ्या यजमानांशी कसे जुळवून घेते याकडे वळू. प्लास्मिड सांभाळणे जीवाणूला फुकट पडत नाही. जादा डीएनएची प्रत काढावी लागते, त्यावरील जनुकांनुसार प्रथिने घडवावी लागतात, आणि औषध समोर नसेल तेव्हा हा सगळा खर्च व्यर्थ असतो. म्हणून सरळ तर्क असा की, औषध थांबवले की प्लास्मिडवाले जीवाणू स्पर्धेत मागे पडतील आणि हळूहळू प्रतिरोध आपोआप मावळेल. बूमा आणि लेन्स्की यांनी १९८८ साली हा तर्क कसोटीला लावला. त्यांनी प्लास्मिड आणि ई. कोलाय यांना औषधाच्या सहवासात पाचशे पिढ्या एकत्र नांदविले. आरंभी प्लास्मिड हे जीवाणूला ओझेच होते. परंतु पाचशे पिढ्यांच्या अंती त्या जीवाणूने आपल्या गुणसूत्रात असा काही बदल करून घेतला की, औषध नसतानासुद्धा प्लास्मिडासह तो प्लास्मिडाविरहित स्थितीपेक्षा अधिक सशक्त ठरला. लादलेला पाहुणा घरचाच होऊन बसला. ज्यांचा यजमानाशी असा स्नेह जुळत नाही, ती प्लास्मिडे धाकाने राहतात: काही प्लास्मिडांवर एक दीर्घजीवी विष आणि त्याचा अल्पजीवी उतारा अशी जोडी असते, दुभंगताना ज्या कन्यापेशीला प्लास्मिड मिळत नाही, तिच्यात उतारा लवकर संपतो, विष मागे राहते, आणि ती मरते किंवा तिची वाढ खुंटते.

जीवाणू हा झाला पहिला यजमान. त्यालाही आश्रय देणारा प्राणी हा दुसरा यजमान, आणि त्याच्याशी जुळवून घेण्याच्या तऱ्हा आणखी वेगळ्या. माणसाच्या देहाची उष्णता सुमारे ३७ अंश सेल्सिअस, डुकराची ३९ च्या आसपास, कोंबडीची ४१ च्या वर. एचआय या गटातील काही प्लास्मिडे एका पेशीतून दुसरीत जाण्याचे काम पंचवीस-तीस अंशांवर उत्तम करतात आणि ३७ अंशांवर ते जवळजवळ बंद ठेवतात. म्हणजे त्यांचे स्थलांतर देहात कमी आणि देहाबाहेर, शेणखतात व पाण्यात, अधिक चालत असावे असे मानावयास जागा आहे. कोंबड्यांना जर्जर करणाऱ्या ई. कोलायमध्ये कोलव्ही नावाच्या कुळातील प्लास्मिडे वारंवार आढळतात. त्यांच्यावर पक्ष्याच्या रक्तातील लोह ओढून घेण्याची सामग्री असते, आणि त्यांपैकी कित्येकांवर प्रतिजैविकांना तोंड देणारी जनुकेही बसलेली असतात. डुकरांच्या खाद्यात तांबे आणि जस्त घालण्याची वहिवाट आहे. त्या धातूंपासून बचाव करणारी जनुके ज्या प्लास्मिडावर असतात, त्याच प्लास्मिडावर औषधांचा प्रतिरोधही नांदतो. यामुळे घडणारा घोळ डेन्मार्कमध्ये स्पष्ट दिसला. तेथे १९९५ साली अव्होपार्सिन हे वाढीचे औषध बंद झाले, आणि कोंबड्यांमध्ये व्हँकोमायसिन या त्याच्याच जातीच्या औषधाला प्रतिरोधक एन्टरोकॉकाय जीवाणू लवकरच कमी झाले. डुकरांमध्ये मात्र ते वर्षानुवर्षे तसेच राहिले, कारण डुकरांना टायलोसिन नावाचे दुसरेच औषध देणे चालू होते आणि दोन्ही औषधांची जनुके एकाच प्लास्मिडावर शेजारी शेजारी होती. १९९८ साली टायलोसिनचा वापर घटल्यावर ती संख्या खाली आली. एका कर्माचे फळ दुसऱ्याच कर्माच्या आधाराने जिवंत राहिले होते.

नेदरलँड्समध्ये याहून चमत्कारिक गोष्ट दिसून आली. तेथे कोंबडीच्या मांसात आणि रुग्णांच्या देहात सापडलेले प्रतिरोधक ई. कोलाय जुन्या, ढोबळ पद्धतीने तपासले असता एकच वाटले होते; त्यांचा संपूर्ण जनुकसंच अक्षरशः वाचून काढल्यावर, २०१४ साली, असे निष्पन्न झाले की ते जीवाणू एकमेकांचे निकटचे आप्त नव्हतेच, परंतु त्यांच्यातील प्लास्मिडे जवळजवळ एकरूप होती. फौजदारी भाषेत बोलायचे तर आरोपी निर्दोष सुटले आणि मुद्देमाल मात्र दोघांच्याही घरी मिळाला.

अशा वेळी तेच काय आणि निराळे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाला सोडवत नाही. कोंबडीतील प्लास्मिड आणि माणसातील प्लास्मिड ही एकच वस्तू म्हणावी, तर त्यात काही अक्षरे बदललेली असतात, कधी एक तुकडा गळालेला आणि दुसरा जोडलेला असतो; वेगळी म्हणावी, तर परंपरा अखंड आहे. 'मिलिंदपञ्हा'त यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात नेमकी हीच अडचण निघाली आहे. थंडीच्या दिवसांत एकाने शेकण्यासाठी आग पेटवली आणि न विझवताच तो निघून गेला. त्या आगीने पसरत जाऊन दुसऱ्याचे शेत जाळले. राजापुढे उभे केल्यावर, मी पेटवलेली आग वेगळी आणि शेत जाळणारी आग वेगळी, असा बचाव त्याने केला तर तो मान्य करावा काय? मिलिंद म्हणतो, नाही. मागची आग पुढच्या आगीला कारण झाली, तेव्हा तो दोषीच. कर्म आणि पुनर्जन्म यांचा संबंध आत्म्यावाचून कसा जुळतो हे पटविण्यासाठी नागसेनाने हा दाखला दिला आहे. पण दाखल्यात शेत दुसऱ्याचे आहे, ही गोष्ट तेथे नजरेआड राहते. दोष कोणाचा हे ठरले. शेत गमावणाऱ्याचे काय, याविषयी राजा आणि भिक्षू दोघेही गप्प आहेत.

मग कर्ता कोण? प्लास्मिडाला कर्तृत्व देणे हास्यास्पद आहे. जीवाणूलाही ते देता येत नाही. डुक्कर आणि कोंबडी यांच्याबद्दल तर आपल्या शास्त्रांचाच निर्णय आहे की, तिर्यक्-योनी ही केवळ भोगयोनी, तेथे नवे कर्म घडत नाही. आणि खाद्याच्या पन्हळीत काय ओतले जाते यावर त्या बिचाऱ्या प्राण्यांची सत्ता पाहता हा निर्णय अयोग्य नाही. प्रतिरोधाची जनुके मुळात फार पुराणी आहेत. कॅनडातील युकॉन प्रदेशात सुमारे तीस हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीतही ती सापडली, कारण बुरशा आणि मातीतले जीवाणू एकमेकांविरुद्ध ही अस्त्रे आपल्या आधीपासून वापरीत आले आहेत. पण मरी नामक एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९१७ ते १९५४ या काळात जमवून ठेवलेले जीवाणू ह्यूज आणि दत्त यांनी १९८३ साली तपासले, तेव्हा त्यांत संक्रमणक्षम प्लास्मिडे पुष्कळ निघाली आणि त्यांच्यावर औषधप्रतिरोधाची जनुके मात्र जवळजवळ नव्हती. बीज होते, वाहनही होते. त्या दोहोंची गाठ घालून देणारा मनुष्य तेवढा नंतर आला.

सृष्टीतील विषमता आणि क्रौर्य यांचा दोष ईश्वराला लागत नाही, हे सांगताना शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात पर्जन्याचा दृष्टांत दिला आहे: पाऊस सर्वत्र सारखाच पडतो, भात उगवते की जव हे ज्या त्या बीजाच्या सामर्थ्यावर असते, आणि ईश्वरही तसाच जीवांच्या धर्माधर्माच्या अपेक्षेने सृष्टी करतो. कोणी औषधनिर्माता असे म्हणू शकेल की, मीही पर्जन्यच. बीज माझे नव्हे. परंतु शंकराचार्यांच्या या बचावाच्या मुळाशी लगतच्या सूत्रांतील एक सिद्धांत आहे. ईश्वराला सृष्टीतून काही प्रयोजन साधायचे नसते, त्याची ती केवळ लीला असते. कोंबडीचे वजन शेरभर अधिक भरावे या प्रयोजनाने जो पाऊस पाडतो, त्याला तो बचाव लागू पडत नाही.

तेव्हा कर्त्याचा शोध माणसापर्यंत येतो, आणि तेथे येऊन तो पसरून जातो. टिळकांनी 'गीतारहस्या'तील कर्मविपाकाच्या प्रकरणात असे मत मांडले आहे की, कर्माचे फळ व्यक्तीलाच नव्हे तर कुटुंब, जात, राष्ट्र, किंबहुना सर्व सृष्टी यांनाही लागू आहे, आणि ज्या समाजात मनुष्य जन्मतो त्याच्या कर्माचा वाटा त्याला थोडाबहुत भोगावा लागतोच. वसुबंधूनेही अभिधर्मकोशात प्राण्यांच्या राहण्याचे हे भाजनरूप जग सर्वांच्या सामायिक कर्माने घडते असे म्हटले आहे. या मतांबद्दल मला आदर आहे, पण त्यांनी माझे समाधान होत नाही. सामायिक कर्माचा परीघ गावापुरता वा राष्ट्रापुरता आखला, तर प्लास्मिड तो परीघ ओलांडते. आणि विश्वाएवढा केला, तर सर्वांनी केले म्हणजे कोणीच केले नाही असे होऊन बसते, आणि ज्या न्यायासाठी एवढा खटाटोप केला तो न्यायच हातातून निसटतो.

धर्मशास्त्रात आडव्या वाटेने जाणाऱ्या पापाचीही कल्पना आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. ब्रह्महत्या, सुरापान, चोरी आणि गुरुपत्नीगमन या चार महापातकांनंतर, अशा पातक्यांशी संसर्ग हे पाचवे महापातक सांगितले आहे. वरवर पाहता हेच आपल्या प्रश्नाचे शास्त्रोक्त उत्तर वाटते. परंतु संसर्गदोषाच्या या कल्पनेने आपल्या समाजात बहिष्काराची आणि शिवाशिवीची जी करणी केली, ती ज्याला ठाऊक आहे, त्याने तिला पुन्हा हात लावताना शंभरदा विचार करावा. संसर्गदोषाचा सिद्धांत वाहकाला अपराधी ठरवतो. लेव्हींच्या त्या शेतकरी कुटुंबाला, किंवा भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या ज्या रुग्णाच्या जीवाणूंतील प्रतिरोधाला २००९ साली नवी दिल्लीचे नाव जोडले गेले त्या रुग्णाला, पापी म्हणण्याइतकी आपली बुद्धी भ्रष्ट झालेली नसावी. त्या नावावरून आपल्याकडे जो संताप उसळला तोही खरे तर याच जुन्या भावनेतून उसळला, की संसर्ग म्हणजे कलंक.

मला अधिक उपयोगी वाटते ती ऋणाची कल्पना. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे सांगितले आहे. त्याने कोणापाशी काही मागितले नव्हते, कोणत्याही रोख्यावर सही केली नव्हती. तरीही तो ऋणको आहे. म्हणजे अकृताभ्यागमाला दर्शनकारांनी जो दोष म्हटले, तो वैदिक ऋषींनी मनुष्याच्या स्थितीचा पहिला सिद्धांत म्हणून निमूट स्वीकारला होता. ऋण हे शिक्षा नव्हे. ते फेडणाऱ्याच्या चारित्र्याबद्दल काहीच सांगत नाही. कर्ज कोणी काढले यापेक्षा ते आज कोणाच्या नावावर आहे आणि कसे फेडायचे, एवढेच ते विचारते. ज्या अर्भकाच्या रक्तात प्रतिरोधक जीवाणू शिरले, त्याला त्याचे संचित सांगणे हे क्रूरपणाचे आहे. आपण सर्व एका खात्याचे सामाईक देणेकरी आहोत आणि वसुली त्याच्या दारी आली आहे, असे म्हणण्यात निदान सत्य तरी आहे.

परंतु आपल्या व्यवहारशास्त्राने ऋणालाही मर्यादा घातल्या होत्या, हे विसरता येत नाही. बापाचे कर्ज मुलाने फेडावे हा धर्म खरा, पण याज्ञवल्क्याने त्यातून दारू, जुगार आणि कामासक्तीपायी केलेले कर्ज वगळले. असले कर्ज मुलावर बसत नाही. व्याजाची रक्कम मुदलाहून अधिक मागता येणार नाही, हा दामदुपटीचा नियम तर मुंबई इलाख्यातील दिवाणी न्यायालयांनीही मानला. शास्त्रकारांना कळत होते की, न केलेल्याचे देणे माणसावर बसतेच, तेव्हा निदान त्याला कोठेतरी कुंपण हवे. कोंबडीचे वजन वाढावे म्हणून काढलेले हे कर्ज याज्ञवल्क्याच्या वगळलेल्या यादीत सहज बसले असते. पण प्लास्मिडापुढे असा अर्ज गुदरता येत नाही. ते मुद्दल आणि व्याज यांत फरक करीत नाही, आणि ते ज्या वारसाकडे जाते तो वारसही नसतो.

ऋणाच्या या कल्पनेत एक धोका आहेच. सगळेच देणेकरी ठरले की ज्याने जाणूनबुजून कर्ज काढले तो गर्दीत नाहीसा होतो. म्हणून कर्त्याचा प्रश्न टाकून देता येत नाही. तो प्रायश्चित्ताच्या सदरात घ्यावा लागतो, आणि तेथे शास्त्रकारांचा पहिला प्रश्न असतो: ज्ञानतः की अज्ञानतः? अज्ञानाची मुदत केव्हा संपली हे सांगता येण्यासारखे आहे. अपुऱ्या मात्रेने जीवाणू पेनिसिलिनला सरावतात असा इशारा फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मधील नोबेल व्याख्यानातच दिला होता. इंग्लंडात वासरांमध्ये अनेक औषधांना न जुमानणारे साल्मोनेला पसरले आणि तेच माणसांपर्यंत पोचले, हे लंडनच्या कॉलिनडेल प्रयोगशाळेतील अँडरसन यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखविले. त्यावरून नेमलेल्या स्वान समितीने १९६९ साली अहवाल दिला की, माणसांच्या उपचारात लागणारी औषधे जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत. त्यानंतरही युरोपीय संघात वाढीसाठी प्रतिजैविके देणे पूर्णपणे बंद व्हायला १ जानेवारी २००६ उजाडला. १९६९ नंतर जे झाले ते ज्ञानतः झाले, असा निवाडा द्यावयास मला संकोच वाटत नाही.

अज्ञानाने केलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, पण जाणूनबुजून केलेल्याच्या बाबतीत मनुष्य केवळ व्यवहार्य होतो, असे याज्ञवल्क्यस्मृतीचे वचन आहे. त्यावर विज्ञानेश्वराने मिताक्षरेत जे भाष्य केले, त्याची चर्चा महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात केली आहे. पापाच्या दोन शक्ती असतात: एक नरकात नेणारी, दुसरी लोकव्यवहार अडविणारी, प्रायश्चित्ताने पहिली नष्ट झाली नाही तरी दुसरी होऊ शकते. हा सूक्ष्म भेद केवळ पंडिती वाटतो, पण गेल्या काही वर्षांतील घडामोडी त्याच्याच अंगाने वाचता येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी डुकरांतील ई. कोलायमध्ये एमसीआर-१ हे जनुक प्लास्मिडावर सापडल्याचे जाहीर केले. कोलिस्टिन या, दुसरे काही चालेनासे झाल्यावर वापरावयाच्या औषधाला ते निष्प्रभ करते. चीनने २०१७ साली वाढीसाठी कोलिस्टिन देणे थांबवले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता त्याचे उत्पादन, विक्री आणि वाटप यांवर बंदीचा हुकूम काढला. चीनमध्ये त्यानंतर डुकरांत, कोंबड्यांत आणि माणसांतही कोलिस्टिनला प्रतिरोधक जीवाणूंचे प्रमाण लक्षणीय घटले. जनुक नाहीसे झाले नाही.

ब्रिटनमध्ये सल्फा औषधांची कथा याच्या उलट झाली. १९९० नंतरच्या दशकात तेथे त्या औषधांची चिठ्ठी लिहून देणे जवळजवळ बंद पडले, तरीही लंडनच्या एका मोठ्या इस्पितळातील ई. कोलायमध्ये सल्फाप्रतिरोधाचे प्रमाण १९९१ मध्ये ३९.७ टक्के होते ते १९९९ मध्ये ४६ टक्के भरले. प्रायश्चित्त तेच, फळ वेगळे. आणि कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. चिनी डुकरांतील कोलिस्टिनचे जनुक पुष्कळदा ज्या प्लास्मिडांवर बसलेले होते, त्यांवर दुसरा प्रतिरोध नव्हता, म्हणून कोलिस्टिन जाताच त्याचा पाठीराखा गेला. सल्फाचे जनुक ज्या प्लास्मिडांवर होते, त्यांवर अशा इतर औषधांची जनुकेही होती की जी रोज दिली जातच होती. शास्त्रकारांनी प्रत्येक पातकाला स्वतंत्र प्रायश्चित्त सांगितले आणि एक फेडले की तेवढे फिटले असे मानले. डेन्मार्कच्या डुकरांत आणि लंडनच्या इस्पितळात पातके एकमेकांना जामीन राहिलेली दिसतात, आणि अशा जामीनकीवर विज्ञानेश्वराने काय निर्णय दिला असता, हे मिताक्षरेत मला तरी कोठे आढळले नाही.